मागच्या चाकाची तार

बीड जिल्ह्यात सायकलचं पुढचं चाक सहसा कुणाला त्रास देत नाही. तारा तुटतात त्या मागच्या. धारूरच्या घाटाकडून शाळेला येणारी मुलगी असो, आष्टीकडे कॅरिअरला कॅन अडकवून डेअरी गाठणारा दूधवाला असो, की दुष्काळाच्या साली चार घागरी बांधून टँकरवरून घराकडे निघालेला पोरगा असो, टिंग असा आवाज मागून येतो आणि रिम एका अंगाला झुलायला लागते. कारण विचारलं तर दुकानात, पारावर आणि घरात तीनच उत्तरं मिळतात: ओझं फार झालं, रस्ता खराब आहे, माल हलका आहे. तारा सैल होत्या, असं चौथं उत्तर कुणी देत नाही. उलट तार जास्त आवळली तर तुटेल, म्हणून थोडी ढिली बरी, असाच सगळीकडे समज.

हा समज साफ उलटा आहे. अभियंत्यांनी या प्रश्नावर शंभरएक वर्षांत बरंच काम केलंय. त्यांचं कागदावरचं गणित आणि आपल्याकडची पंक्चरची टपरी यांची गाठ मात्र क्वचितच पडते. ती घालून पाहिली की माझ्या मते एक गोष्ट उघड होते. ओझ्याला आणि रस्त्याला आपण जेवढा दोष देतो तेवढा त्यांचा नसतो. मागच्या चाकाचं आयुष्य बरंचसं त्यात तारा भरल्या त्या दिवशी ठरतं, आणि उरलेलं पहिल्या महिन्यात.

बैलगाडीच्या जुन्या चाकापासून सुरुवात केलेली बरी. तिथे लाकडी आरे तुंब्यातून निघून पुठ्ठ्यांत रुतलेले असतात आणि गाडीचा भार खालच्या आऱ्यावर सरळ दाबाने येतो. चाक तयार झालं की लोखंडी धाव लाल तापवून त्यावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसली की सगळे सांधे आवळले जात. म्हणजे गाडीत पहिलं पोतं पडायच्या आधीच चाकात दाब भरून ठेवलेला असे. लाकूड वाळून धाव ढिली झाली की तेच चाक खिळखिळं होई, मग ओझं कितीही हलकं असो. बीडच्या ऊसतोडीच्या गाड्या केव्हाच रबरी टायरवर आल्या, पण आधी आवळून ठेवलेलं चाकच भार पेलतं हे तत्त्व गावोगावच्या सुतार-लोहारांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

सायकलच्या चाकात हीच युक्ती उलटी वापरली आहे. दाबाच्या जागी ताण आला. दोन मिलिमीटर जाडीची तार दाबाखाली उभी राहू शकत नाही, लगेच वाकते. ताणाखाली मात्र तीच तार तीनशे किलोच्या आसपास झेलते. हे आधी सुचलं ते विमानाच्या मागे लागलेल्या सर जॉर्ज केली यांना, १८०८ साली, कारण त्यांना हलकं चाक हवं होतं. सायकलला तारेचं चाक बसवलं पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये. पुढे १८७४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी चाकाच्या मधल्या तुंब्यापासून, म्हणजे हबपासून, सरळ निघणाऱ्या तारा सोडून तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या तारांची रचना आणली. आज आपल्या दारात उभ्या असलेल्या सायकलचं चाक मुळात तेच. पायडलचा पीळ झेलायला ही तिरपी रचना लागते, सरळ तारांना ते झेपत नाही.

आता भार नेमका कोण पेलतं? हा वाद अजून रंगतो. एक पक्ष म्हणतो, हब वरच्या तारांना टांगलेला असतो. दुसरा म्हणतो, तो खालच्या तारांवर उभा असतो. १९३१ साली पिपर्ड आणि फ्रान्सिस यांनी तारेच्या चाकातल्या ताणाचं गणित मांडलं आणि प्रयोगाने ताडून पाहिलं. अमेरिकेतले अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात तेच चित्र सामान्य वाचकापुढे ठेवलं आणि ‘हब खालच्या तारांवर उभा असतो’ असं ठणकावून सांगितलं. त्यावर पुष्कळ लोक चिडले. तार कधी टेकू देते का, असा त्यांचा सवाल. १९९३ मध्ये बर्गॉइन आणि दिलमगानियन यांनी चाकाकडे आधीच ताण भरलेली रचना म्हणून पाहिलं. १९९६ मध्ये हेन्री गॅव्हिन यांनी तारांवर ताण मोजणारे मापक चिकटवून सायकल प्रत्यक्ष चालवली आणि तारा कशा थकतात ते मोजलं. शब्दांचं भांडण बाजूला ठेवलं तर मोजमापं एकच सांगतात. चाकावर भार आला की वरच्या तारांत जवळपास काही फरक पडत नाही, बाजूच्या तारा किंचित घट्ट होतात, आणि जमिनीलगतच्या चारपाच तारांतला ताण एकदम उतरतो. सगळ्यांत खालच्या तारेचा सर्वांत जास्त.

प्रश्नाची किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे. ओझ्याने तार ताणली जात नाही, ढिली होते. मग चाक थोडं पुढे गेलं की ती पुन्हा मूळ ताणावर येते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सुटते आणि एकदा आवळली जाते.

थोडे आकडे घेऊ. पन्नास किलोचा माणूस एकटा सायकलवर असेल तर त्याचा साधारण साठ टक्के भार मागच्या चाकावर येतो. कॅरिअरवरचं ओझं मात्र जवळजवळ सगळं मागेच येतं. ते मागच्या आसाच्याही पलीकडे सरकलेलं असेल तर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढचं चाक हलकं करतं. चढावर हँडल उचललं जातं ते याचमुळे. वीस किलोची काळी सायकल, पन्नास किलोचा चालवणारा आणि मागे पंचेचाळीस किलोचा मित्र धरला तर मागच्या चाकावर पंच्याऐंशी-नव्वद किलो येतात. पंचावन्न किलोचा दूधवाला आणि चाळीस किलो दूध धरलं तरी आकडा तेवढाच. म्हणजे चाकाच्या दृष्टीने डबलसीट आणि दुधाचे कॅन सारखेच, हे आपण विसरतो. यातला साधारण एक तृतीयांश उतार सर्वांत खालच्या तारेच्या वाट्याला आला असं ढोबळ मानू, म्हणजे तीस किलो. खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर तो दुप्पट, कधी तिप्पट होतो.

समजा तारेत ऐंशी किलोचा ताण भरलेला आहे. सपाट रस्त्यावर तो पन्नासवर येईल आणि पुन्हा ऐंशीवर जाईल. खड्ड्यातही बहुतेक वेळा शून्याच्या वर राहील. तार सतत ताणलेली, जागच्या जागी. आता समजा ताण चाळीस किलोच आहे. तेच ओझं, तोच रस्ता, तोच माल. पण प्रत्येक खड्ड्यात तार पूर्ण ढिली पडते. ढिली तार हबच्या भोकात हलते, तिथल्या आपल्या वाकाजवळ मुडपते आणि दुसऱ्या क्षणी झटक्याने ताणली जाते. शिवाय त्या क्षणी निपलला, म्हणजे रिममध्ये तार आवळणाऱ्या छोट्या नटाला, धरून ठेवणारं काहीच नसतं. ते हादऱ्याने हळूहळू उलटं फिरतं.

किती फिरलं म्हणजे बिघडतं? तीस सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड पोलादी तारेत ऐंशी किलोचा ताण भरला तर ती जेमतेम ०.३७ मिलिमीटर लांबते. निपलच्या आट्यांचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण ०.४५ मिलिमीटर. म्हणजे तारेतला सगळा ताण एका फेऱ्याइतक्याही लांबीचा नाही. रिमची लवचिकता धरली तर हिशोब थोडा सैल होतो, पण निपल अर्धा फेरा सुटलं की निम्म्याहून जास्त ताण गेला हे खरंच. त्या तारेने सोडलेला भार शेजारच्या दोघींवर येतो, त्यांचा चढउतार वाढतो. म्हणूनच एक तार तुटली की आठवड्याभरात दुसरी आणि महिन्याभरात चार तुटतात. लोक म्हणतात, लॉटच खराब आला. अनेकदा लॉट ठीक असतो, एकीचं काम दुसरीवर पडलेलं असतं.

तार तुटते कुठे, हे पाहिलं की हेच दिसतं. मधोमध तुटलेली तार मिळणं दुर्मीळ. ती तुटते हबजवळच्या वाकात, किंवा निपलमध्ये शिरणाऱ्या आट्यांच्या मुळाशी. ओझ्याने ताणून तुटली असती तर तुटक्या टोकाजवळ ती बारीक झालेली दिसली असती. बहुतेक तारा कापल्यासारख्या आडव्या तुटतात. धातू थकून तुटल्याची ही खूण आहे. जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेचे आस का मोडतात हे शोधताना दाखवून दिलं की लोखंडी दांडा एका दणक्यात जो भार सहज पेलतो, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आलटून पालटून दिला की तो मोडतो. तारेला हे लाख गाठायला वेळ लागत नाही. सव्वीस इंची चाकाचे किलोमीटरला साधारण ४८० फेरे होतात. घर पाच किलोमीटरवर असेल तर शाळेची जाऊन-येऊन फेरी ४,८०० फेऱ्यांची. शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला साडेनऊ लाखांवर फेरे भरतात. पोलाद थकतं की तगतं याचा निकाल दहा लाख ते एक कोटी आवर्तनांच्या दरम्यान लागतो असं धरलं जातं. आठवीत घेतलेली सायकल बारावीपर्यंत टिकायची तर तिच्या तारेला या परीक्षेतून जावंच लागतं.

याच हिशोबाने दुष्काळातल्या पाण्याच्या सायकलीची बदनामीही थोडी कमी करायला हवी. चार घागरी म्हणजे साठ लिटर पाणी, हे ओझं खरंच मोठं. पण ती सायकल बहुतेक वेळा हाताने ढकलत नेतात, सावकाश, खड्डा चुकवत, आणि दिवसाला किलोमीटर-दोन किलोमीटर. फेरे हजाराच्या आत. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात अशा सायकली सर्रास दिसत. त्यांच्या रिमा वाकल्या असतील, कॅरिअर तुटली असतील. तारा थकवायचं काम मात्र रोजच्या शाळेने आणि दुधाने जास्त केलं असणार.

वाकाची जागा अशक्त का? तार तिथे कारखान्यात थंड असतानाच वळवलेली असते, त्यामुळे वाकात आधीपासून आतला ताण कोंडलेला असतो. त्यात आपला ताण मिळवला की ती जागा बाकी तारेपेक्षा कितीतरी जास्त सोसते. ब्रँट यांनी यावर सुचवलेला उपाय फुकटातला आहे. चाक बांधून झालं की समांतर जाणाऱ्या दोन-दोन तारा हातात धरून जोरात दाबायच्या, सगळ्या चाकाभर. क्षणभर जास्त ताण येतो, वाक हबच्या भोकात नीट बसतो आणि कोंडलेला ताण बराचसा निघून जातो. हे करायला पाच मिनिटं लागतात. मी म्हणेन, सगळ्या उपायांत हाच सर्वांत कमी वापरला जातो. दुसरी बारीक बाब हबच्या तबकडीची, म्हणजे जिच्या भोकांतून तारा निघतात तिची. जुन्या पद्धतीच्या सायकलींचे पोलादी हब पातळ तबकडीचे असतात. त्यांत ॲल्युमिनियमच्या जाड तबकडीसाठी वळवलेली तार घातली तर वाक भोकाबाहेर लोंबकळत राहतो आणि प्रत्येक फेऱ्यात मुडपतो. तारेच्या डोक्याखाली छोटं पितळी वॉशर घातलं तर हे थांबतं.

मागच्याच चाकाला हा शाप का, याचं निम्मं उत्तर वर आलं: भार तिथे आहे. पायडलच्या जोराचा वाटा किती, तेही पाहू. पुढे ४४ दात आणि मागे १८ दात धरून पायडलवर पन्नास किलोचा जोर दिला तर चाळीस तारांत वाटून तारेमागे चारपाच किलोचा फरक पडतो. खड्ड्यातल्या साठ-नव्वद किलोंपुढे हे काहीच नाही. घाट उभं राहून चढवला म्हणून तार तुटली, असं सहसा नसतं.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे साखळी चढते त्या मागच्या दातेरी चाकात आहे. फ्रीव्हीलला जागा द्यायची म्हणून हबची उजवी तबकडी चाकाच्या मध्यरेषेकडे सरकवलेली असते, डावी लांबच राहते. रिम तर मधोमध यायला हवी. मग उजव्या तारा जवळजवळ उभ्या आणि डाव्या जास्त तिरप्या होतात. रिम मध्यावर धरायला उभ्या तारांना जास्त ओढावं लागतं. काळ्या सायकलीत एकच दातेरी चाक, म्हणून हा फरक किरकोळ. इंग्रजी वळणाने तिच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा देतात, तेवढं तिला पुरतं. गिअरची सायकल आली आणि सगळं बदललं. सहा-सात दातेरी चाकांच्या गठ्ठ्याला जागा करायची तर उजवी तबकडी मध्यापासून अठरा-वीस मिलिमीटरवर येते आणि डावी पस्तिशीच्या पुढे राहते. उजव्या तारेत शंभर किलो ताण असेल तर डावीत पन्नास-पंचावन्नच मावतो. जास्त भरला की रिम डावीकडे पळते. तारा छेडून पाहिल्या तर हे कानालाही कळतं. ताण निम्मा झाला की स्वर दोनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो. डावी तार षड्ज धरली तर उजवी तीव्र मध्यमावर बोलते. फक्त तार छेदाच्या वरच्या बाजूला छेडायची, नाहीतर शेजारीण मध्येच दाबते.

मग तुटणार कोण, जास्त ताणलेली उजवी की कमी ताणलेली डावी? इथे जाणकारांतही दोन पक्ष आहेत आणि दोघांकडे तुटलेल्या तारा पुराव्याला आहेत. उजवीचे शत्रू वेगळे आहेत. साखळी उडून फ्रीव्हील आणि तारा यांच्यात अडकली की तारेवर ओरखडा पडतो, आणि थकव्याची भेग तिथूनच निघते. शिवाय तुटलेली उजवी तार बदलायला फ्रीव्हील उतरवावं लागतं, म्हणून ती तशीच सोडून दिली जाते आणि शेजारच्या मरतात. पण जिथे साखळी नीट आहे, चाक मात्र घाईत बांधलेलं आहे, तिथे माझा संशय डावीवर. उजवीला शंभराऐवजी साठ मिळाले तरी ती कशीबशी तगते; त्या हिशोबाने डावीला तीसच मिळालेले असतात, आणि तीस म्हणजे डबलसीटवर शून्य. आता शाळकरी मुलांनाही गिअरची, जाड टायरची, डिस्क ब्रेकची सायकल हवी असते. डिस्कला जागा द्यायला पुढच्या हबचीही डावी तबकडी आत सरकते. पुढचं चाक त्रास देत नाही हे मी सुरुवातीला म्हटलं, ते अशा सायकलींबद्दल फार काळ खरं राहणार नाही.

एवढं सगळं माहीत असताना तारा सैल का राहतात? आपल्याकडे सायकल बहुतेक दुकानात सुट्या भागांत येते आणि तिथेच जोडली जाते. फिटरच्या हातात कौशल्य आहे. चाक फिरवून खडू टेकवत डोळ्यांनी आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणारा माणूस रिम केसभर हललेली ओळखतो. पण त्याला पैसे मिळतात चाक सरळ दिसण्याचे. ताण कुणी तपासत नाही, गिऱ्हाईकही नाही. आणि सरळ चाक सैलही असू शकतं. सगळ्या तारा सारख्याच ढिल्या असतील तर चाक सुंदर फिरतं. याहून वाईट म्हणजे आऊट काढायची सोपी रीत. रिम उजवीकडे झुकली असेल तर डावी तार आवळायची किंवा उजवी सोडायची, दोन्हींनी ती सरळ होते. गंजलेलं निपल आवळायला जोर लागतो, त्याची कड झिजायची भीती असते, म्हणून हात सोडण्याकडे जातो. असं चारदा आऊट काढलेलं चाक दर वेळी सरळ होतं आणि दर वेळी थोडं ढिलं.

तेलाचंही असंच. आट्यांना तेलाचा थेंब न लावता निपल फिरवलं तर आटे धरतात आणि निपलसोबत तारच पिळली जाते. हाताला वाटतं, घट्ट झाली. नवी सायकल घरी नेताना पहिल्या किलोमीटरभर मागून टिकटिक ऐकू येते, तो पीळ उलगडल्याचा आवाज असतो. पीळ गेला की ताणही घटतो. नव्या चाकात तारा भोकांत बसतात, निपल रिममध्ये रुततात, तिथेही थोडा ताण जातो. म्हणून नव्या सायकलीचं मागचं चाक पहिल्या महिन्यात एकदा पुन्हा आवळून घ्यायला हवं. ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस कुणी चुकवत नाही. सायकल मात्र तार तुटेपर्यंत दुकानाचं तोंड पाहत नाही. पोरांनी तारांना रंगीत मणी लावलेले असले तर मग विचारूच नका. त्या खडखडाटात ढिल्या तारेची कुरकुर ऐकूच येत नाही.

उपाय म्हणून सगळ्यांत आधी जाड तार सुचवली जाते. दोनऐवजी २.३, नाहीतर थेट २.६ मिलिमीटर. ओझ्याच्या सायकलींत ती वापरतात आणि चुकीची नाही. पण तिच्यात एक गोम आहे. ऐंशी किलो ताणाला दोन मिलिमीटरची तार ०.३७ मिलिमीटर लांबते, २.६ ची फक्त ०.२२. म्हणजे रिम तेवढीच दबली तर जाड तार आधी ढिली पडते. तिचा फायदा घ्यायचा तर तिच्यात ताणही जास्त भरावा लागतो, आणि तो सोसायला रिम दणकट हवी. पातळ रिमला जाड तार घातली तर निपलच्या भोकाशी रिमलाच भेगा जातात. याच कारणाने दूरच्या शर्यतींच्या सायकलींत मधे बारीक आणि टोकांना जाड अशा तारा वापरतात. मधला बारीक भाग रबरासारखा लांबतो, वाक आणि आटे सुखी राहतात. आपल्या बाजारात त्या महाग पडतात, म्हणून शाळेच्या सायकलीसाठी त्यांचा विचार सोडून दिलेला बरा. स्टेनलेसची तार गंजत नाही, एवढाच तिचा मोठेपणा. सैल स्टेनलेसही तुटतेच. दुहेरी भिंतीची रिम मात्र पैसे वसूल करते. ती कमी दबते, भार जास्त तारांत वाटते आणि जास्त ताणही सोसते. निवड करायची वेळ आली तर तारेवरचे पैसे वाचवून रिमवर घालावेत.

तीनचाकी रिक्षाचं प्रकरण वेगळं आहे. सायकल वळणावर झुकते, म्हणून तिच्या चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. रिक्षा झुकत नाही, तिथे तारांना आडवा मारही खावा लागतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुधारित सायकल रिक्षा तयार केली. अशा वाहनाच्या चाकाचा विचार काळ्या सायकलीच्या हिशोबाने करून चालत नाही. हातगाडीला सायकलची चाकं लावणाऱ्यांनाही हे लागू आहे.

रस्त्याबद्दल दोनच शब्द. गेवराईची काळी माती असो की पाटोद्याकडचा मुरूम, माती तारेला मारत नाही. मारतो तो डांबराच्या तुटलेल्या कडेचा ठोका, आणि तोही टायरमध्ये हवा कमी असताना. वेड्या बाभळीच्या काट्यांमुळे आपल्याकडे पंक्चर नित्याचं. सावकाश गळणाऱ्या ट्यूबवर आठवडा काढायची सवयही नित्याची. हवा कमी असली की कड सरळ रिमवर बसते, रिम तेवढ्या जागेपुरती चपटी होते आणि तिथल्या दोन-तीन तारा कायमच्या ढिल्या होतात. दर आठवड्याला हवा भरणं हा तारेवरचाही उपाय आहे.

आता सुरुवातीच्या शाळेच्या मुलीकडे परत येऊ. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. रक्कम थेट खात्यात येते, सायकल घेतल्याची पावती द्यावी लागते. योजना चांगली आहे; ज्या मुलीची शाळा आठवीनंतर सुटली असती ती सायकलवर बारावीपर्यंत जाते, यापुढे तारांचा हिशोब क्षुल्लकच. पण अनुदान सायकल हातात येईपर्यंतचं आहे. सायकली बहुतेक शाळा सुरू होताना, एकाच हंगामात घेतल्या जातात, म्हणजे फिटरने सर्वांत जास्त घाईत बांधलेली चाकं याच मुलींच्या वाट्याला येतात. खरेदीनंतर महिन्याभराने शाळेच्या आवारात एक दिवस फिटर बसवला, प्रत्येक मागच्या चाकाच्या आट्यांना तेल दिलं, डाव्या तारा छेडून पाहिल्या, समांतर तारा दाबल्या आणि गरज तिथे निपल पाव-अर्धा फेरा आवळलं, तर सायकलमागे पंधरा-वीस मिनिटं लागतील. बीड आणि अंबाजोगाईत तंत्रनिकेतनं आहेत, आयटीआय आहेत. तिथल्या मुलांनाच हे काम देता येईल. त्यांनी तुटलेली प्रत्येक तार जपून ठेवावी आणि तिच्यासोबत चार गोष्टी लिहाव्यात: उजवी की डावी, वाकात तुटली की आट्यात, सायकल गिअरची की साधी, आणि घर शाळेपासून किती किलोमीटर. दोन शाळांतल्या दोन वर्षांच्या तारा जमल्या तरी डावी की उजवी या वादाला आपल्या रस्त्यांवरचं उत्तर मिळू लागेल.